एकशे सदतीस नंबरचा बिल्ला

नाकाडोंगरी,
रविवार, १४ जानेवारी १९७९

तीर्थरूप बाईस इश्वरचा नमस्कार.

संक्रांत आहे, म्हणून आधी पुडीतला तिळगूळ तोंडात टाक आणि मग शिव्या दे. तुझ्या मोहटोल्यापासून तीन कोसांवर येऊन मला आज सतरा दिवस झाले आणि मी अजून तुझ्या अंगणात पाय ठेवलेला नाही, हे तुझ्या कानावर आलंच असेल. कामाचा रेटा आहे, दुसरं काही नाही. अक्षर मोठं काढतो आहे. तुझी चौथीतली विद्या एवढ्याला पुरते, तेव्हा पत्र दुसऱ्या कुणाला वाचायला देऊ नकोस.

मी मुंबईला नेमकं काय करतो हे तू दर दिवाळीला विचारतेस आणि मी दर दिवाळीला टाळतो. तर ऐक. आमच्या दस्तूरसाहेबांना ॲक्च्युअरी म्हणतात. हजार माणसांतली वर्षाकाठी किती मरतील, हे ते आधीच कागदावर काढून देतात. कोण मरेल ते नाही, फक्त किती. त्यावरून कारखाने आणि विमा कंपन्या ठरवतात की मागे राहणाऱ्यांसाठी किती बाजूला ठेवायचं. मी त्यांचा शिकाऊ उमेदवार. परीक्षा लंडनची. पेपर तिकडून येतात, तिकडेच तपासायला जातात आणि मी दोनदा नापास होऊन परत आलो आहे. आपल्या पवनीतले लोक मला 'मरणाचा तलाठी' म्हणतात ते काही खोटं नाही.

भाऊजी ज्या मँगनीजच्या खाणीत होते तिथेच मला धाडलं आहे. मालकांना आता पुण्य करावंसं वाटतं आहे. कामावर असताना जो मजूर मरेल त्याच्या बायकोला दरमहा काहीतरी द्यायचं, मागच्या दहा वर्षांत गेलेल्यांच्या बायकांनाही द्यायचं, असा विधवा निधी काढायचा आहे. तो केवढा लागेल हे काढायचं काम साहेबांकडे आलं. मी इथे बसून प्रत्येक मजुराचं एक कार्ड भरतो. नाव, बिल्ल्याचा नंबर, जन्मसाल, कधी लागला, कधी गेला, कसा गेला. अशी चारशे बारा कार्डं.

सांगायला सोपं आहे. पण मला किळस येते, बाई. राहायला गोदामामागची खोली दिली आहे. काळी धूळ भातात, पाण्यात, दातांत. कानात काडी घातली तर काळी निघते. हजेरीबाबू मारोतराव यांच्या टेबलाला टेबल लावून मी बसतो. त्यांच्या तोंडात सकाळपासून पान असतं. रजिस्टरची पानं ते बोटाला थुंकी लावून उलटतात आणि मग तीच ओली, लाल पानं मला उलटावी लागतात. त्यांच्या टेबलावर अंगठ्याच्या शाईचं पॅड उघडं पडलेलं असतं, त्याचा वास तर मला मुळीच सोसत नाही. दिवसातून पाच वेळा साबण लावून हात धुतो. बाबू लोक हसतात, म्हणतात, "मुंबईचं बामन झालं आपलं पवनीचं पोरगं."

आमच्या धंद्याची भाषा त्याहून घाण. तक्त्यात शेजारी शेजारी दोन रकाने असतात, अपेक्षित मृत्यू आणि प्रत्यक्ष मृत्यू. अपेक्षित! जणू पाहुणे यायचे आहेत आणि आपण पाट मांडून बसलो आहोत. या खाणीत दहा वर्षांत अपेक्षित निघाले एक्केचाळीस. प्रत्यक्ष मेले तीन. दोघे कडा कोसळून, एक साप चावून. बाकी कुणी मेलंच नाही. खोकल्याने नाही, तापाने नाही. आकडेमोडीच्या यंत्राचं हँडल मी चार वेळा फिरवलं, उत्तर तेच. साहेबांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं की उत्तम, इतका गुळगुळीत तक्ता पहिल्याच खेपेला कुणाला जमत नाही. दोन वर्षांतली ही माझी पहिली शाबासकी, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

हे असं कसं, ते मला ठाऊक नाही. इथल्या धुळीत अमृत असेल.

तुझ्या दिराची, यादोरावची, भेट झालेली नाही. त्याची पाळी आणि माझी वेळ जुळत नाही. त्याला सांग, राग धरू नकोस. भाऊजी जाऊन सात वर्षं झाली, पण या रस्त्याने चालताना वाटतं ते समोरून येतील. तुझ्या बाबूलालला शाळेतून काढू नकोस. पोरगा गणितात बरा आहे.

तुझा धाकटा भाऊ,
इश्वर


मोहटोला,
ता. २२ जानेवारी

इश्वरले बाईचा आशीर्वाद.

तिळगूळ भेटला. तीन कोसावर येऊन पोस्टानं चिठ्ठी धाडतेस, तुले लाज कशी नाई वाटत? पोस्टमन हसत होता. म्हणे, भाऊ लंडनले गेला का?

तू लिवलं का यादोरावची भेट नाई झाली. तो त म्हणते का पयल्याच दिवशी फाटकावर तू दिसला, त्यानं हात केला अन् तू वहीत तोंड घातलं. कोण खोटं बोलून राहिला? तुले आमची लाज वाटते का काय?

यादोरावची तब्येत बरी नाई. हात कापते. टाच टेकत नाई, चवड्यावर चालते. अन् हसते. कायले हसते ते त्याले बी नाई समजत. माह्या घरात हे हसणं मी एकदा पायलं हाये. मले भेव वाटते.

मारोतबाबू घरी येऊन गेले. म्हणे आता यादोरावच्या जागी बाबूलालले लावून देऊ, काम घरचं घरात राह्यते. फकत एक अर्ज लागते, अन् तो तुह्याच हातचा पायजे, मागचा लय बेस लिवला होता. मी म्हटलं, माह्या भावाच्या हाताले यशच हाये. हे गेले तवा मालकानं दया केली, यादोरावले कामावर घेतलं, म्हणून या घरात चूल पेटली. तो मालक सुखी राहो.

बाबूलाल तयार हाये. म्हणते, मामा इतका शिकला अन् करते काय, मेलेल्याईची मोजणी. आइतवारी ये अन् लिवून दे. लाखोरीची भाजी ठेवीन.

तुही बाई,
सत्यभामा


नाकाडोंगरी,
रविवार, ११ फेब्रुवारी १९७९

गं. भा. सत्यभामाबाई सेलोकर यांस इश्वरचा नमस्कार.

असा विधवेचा मायना मी तुला सात वर्षांत कधी लिहिला नाही. नुसतं तीर्थरूप लिहून मोकळा व्हायचो. तुला वाटत असेल भावाला दुःख होतं म्हणून लिहवत नाही. तसं नव्हतं. पुढे वाच, अक्षर लावून वाच, आणि मध्येच टाकून देऊ नकोस.

त्या रविवारी मी निघालो होतो. नाल्यापर्यंत आलो. पलीकडे तुझ्या धानाच्या बांधीतली लाखोरी दिसत होती. तिथे दगडावर बसलो आणि परत फिरलो. भाजी वाया गेली असेल.

यादोराव खरं बोलतो. मी खोटं लिहिलं. पहिल्याच दिवशी सकाळच्या हजेरीला मी फाटकाशी उभा होतो. मारोतराव बिल्ल्याचा नंबर आणि नाव पुकारत होते. "एकशे सदतीस, कवडू सोमा!" आणि यादोराव पुढे झाला, म्हणाला, "हाजर." त्याने मला पाहिलं, हात केला, हसला. मला वाटलं ओळखीचं हसतो आहे. मी वहीत तोंड घातलं. त्याचं हसणं थांबेना तेव्हा कळलं की ते ओळखीचं नव्हतं.

मग त्याच दुपारी मी कार्ड भरलं. कवडू सोमा सेलोकर, जन्म १९३१, वय अठ्ठेचाळीस, कामावर हजर. माझ्या हाताने लिहिलं, बाई, आणि शाई फिसकटू नये म्हणून टिपकागदाने टिपलं. भाऊजींच्या आईची आधीची दोन पोरं गेली होती, म्हणून तिने त्यांना कवडीला विकून परत घेतलं आणि कवडू नाव ठेवलं, मरणाने ढुंकून पाहू नये म्हणून. तिचा तो उपाय बघ कसा फळला! खाणीच्या कागदावर तिच्या लेकाला मरण नाही, आणि त्या कागदाच्या हिशेबाने तू अजून सौभाग्यवती आहेस.

इथे कुणी का मरत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ही काळी धूळ अंगात भिनून माणसाचे हात थरथरायला लागले, तो चवड्यावर चालायला लागला, की त्याला घरी पाठवतात. तो घरी मरतो. आणि त्याचा पितळी बिल्ला घेऊन भाऊ येतो, पुतण्या येतो, जावई येतो, त्याच नावाने, त्याच वयाने. घरातल्यांना वाटतं मालकाने उपकार केले. मालकाला नवा मजूर मिळतो, मेलेल्याचं काही देणं लागत नाही. मारोतरावांना दोन्हीकडून पानाचा खर्च सुटतो. सगळे खूश, आणि माझा तक्ता गुळगुळीत.

तुझं पत्र आल्यावर मी वयं तपासायचं निमित्त करून आसपासची गावं पायी हिंडलो. एका घरात गिरजाबाई नावाची म्हातारी मोहाच्या झाडाखाली बसली होती. मी विचारलं, "दादाजी लक्ष्मण इथेच राहतात ना?" ती म्हणाली, "कोणता पायजे तुम्हाले? मेला तो, का कामावर जाते तो?" इतकं सरळ विचारलं, जणू लाकूड कुठे फोडून मिळेल असं मी विचारलं होतं. तिचा लेक चौसष्ट साली गेला. मग जावई दादाजी झाला, तोही गेला. आता नातू दादाजी आहे. मी विचारलं, "तुम्ही त्याला घरी काय म्हणता?" म्हातारी म्हणाली, "आता काय म्हणाव, बाबू? आमी काईच नाई म्हणत. जेवाले ये, इतकंच म्हणतो."

या दहा वर्षांतली अशी अडतीस घरं निघाली. अडतीस आणि प्रत्यक्ष मेलेले तीन, बेरीज एक्केचाळीस. साहेबांचा अपेक्षेचा आकडा अगदी बरोबर होता.

हे सगळं लिहिलं, पण लिहायचं होतं ते अजून लिहिलं नाही. आता लिहितो.

भाऊजी गेले ती कार्तिकातली सकाळ. मी अठरा वर्षांचा, भंडाऱ्याच्या कॉलेजातून आलेलो. तू आत बायांमध्ये बसली होतीस. भाऊजींना पडवीत ठेवलं होतं. मारोतराव सायकलवरून आले, डोळे पुसले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले की कोतवालाकडे मृत्यूची नोंद करू नका, एक अर्ज लिही. मी लिहिला. 'मी, कवडू सोमा सेलोकर, तापातून बरा झालो असून मला कामावर परत घ्यावे ही विनंती.' तोच तो बेस लिहिलेला अर्ज. तुला वाटतं तो यादोरावसाठी दयेचा अर्ज होता. दया कसली! अर्जावरचा अंगठा जुन्या कार्डाशी जुळला तरच माणसाला परत घ्यायचे, म्हणून खरा अंगठा हवा होता.

मारोतरावांनी पिशवीतून पॅड काढलं. यादोराव रडत भिंतीकडे तोंड करून बसला, त्याच्याने होईना. मी भाऊजींचा डावा हात हातात घेतला. गार होता. अंगठा वाकत नव्हता. पहिला ठसा फिसकटला. मारोतराव म्हणाले, "दाबून घे, बाबू. खाणीचा साहेब भिंगातून पाह्यते." मी दाबला.

नंतर तू पाणी घालायला आलीस. तुला अंगठा दिसला. तू विचारलंस, "हा काळा कायले झाला?" मी म्हणालो, "खाणीची धूळ आहे, बाई." तू पदर ओला केलास आणि तो अंगठा घासत बसलीस. लोक घाई करत होते आणि तू म्हणत होतीस, "देवाघरी काळा हात घेऊन नाई जाऊ देत मी." ती शाई निघाली नाही. ते तसेच गेले.

मला पॅडचा वास का सोसत नाही, ते आता तुला कळलं.

आणि मी काही फुकट केलं नाही. यादोराव तेव्हा म्हणाला होता, काम घरात राहिलं तर इश्वरचं शिक्षणही थांबणार नाही. थांबलं नाही. बी. एस्सी. झालो, मुंबईला गेलो, मरणाचं गणित शिकलो. मेलेल्या माणसाच्या हजेरीवर शिकलो. मला मारोतरावांच्या थुंकीची किळस येते, साहेबांच्या शाबासकीची येते, पण सगळ्यांत जास्त माझ्या या हाताची येते, ज्याला तू यश आहे म्हणतेस.

आता त्यांना बाबूलाल पाहिजे आहे. सतरा वर्षांचं पोर, त्याच्या कार्डावर वय अठ्ठेचाळीस लागेल. रोज सकाळी त्याच्या बापाच्या नावाने त्याला हाक मारतील आणि तो 'हाजर' म्हणेल. मग एक दिवस तो उगाच हसायला लागेल. हा अर्ज मी लिहिणार नाही. तू रागाव, माहेर तुटलं म्हण, मी लिहिणार नाही. दुसऱ्या कुणाकडून लिहून घेशील तर माझं प्रेत ओलांडून घे.

साहेबांना मी सगळं कळवलं. उत्तर आलं, फार सभ्य उत्तर. आपण दिलेल्या नोंदींवर काम करतो, घरोघर हिंडणं हे आपलं काम नव्हे, तक्ता आहे तसाच ठेवावा आणि लवकर परतावं, परीक्षा जवळ आली आहे. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

अडतीस घरांचं मी काय करू, ते मला समजलेलं नाही. नावं उघड केली तर उद्या अडतीस माणसं कामावरून जातील. झाकली तर अडतीस विधवा निधीत मोजल्या जाणार नाहीत. गिरजाबाईला विचारलं, ती म्हणाली, नातवाचं काम राहू दे. तिच्या चुलीवर निवाडा देणारा मी कोण? पण एकशे सदतीस माझ्या हातचं आहे.

परवा यादोरावला गाठलं. एकशे सदतीसच्या कार्डाचं काय करायचं आहे ते सांगितलं आणि त्याचं काम जाईल हेही सांगितलं. तो खूप वेळ हसला, म्हणजे ते हसणं. मग म्हणाला, "लिवून टाक, इश्वर. तसं बी अजून महिनाभर काम होते का नाई ठाव नाई. सात वर्षं झाली, खाणीत मले कोणी यादो म्हणून हाक नाई मारली. मी दादाच्या नावानं हाजरी देऊन राहिलो. मेलो त बी दादाच मरन." त्याला आता डॉक्टरला दाखवायचं आहे. मंगळवारी मी त्याला भंडाऱ्याला घेऊन जातो आहे.

काल मी एकशे सदतीसच्या कार्डावरचा 'हजर' खोडला आणि लिहिलं, मृत्यू, कार्तिक, १९७१. सोबत निवेदन जोडलं. मेलेल्याचा अंगठा मी उठवला, कसा उठवला, कुणी सांगितलं, सगळं. एक प्रत मॅनेजरला दिली, एक साहेबांना टपालाने पाठवली. मारोतराव वाचून म्हणाले, "येडा झाला का बे? तुह्याच गळ्यात येईल ना!" येऊ दे. नोकरी राहील असं वाटत नाही, पोलीसही येतील कदाचित. लंडनचे पेपर आता तिकडेच राहू देत.

तुला निधीतून काही मिळेल असं मी वचन देत नाही. कंपनी म्हणेल, कागदावर माणूस सात वर्षं कामावर येतो आहे. कोतवालाच्या वहीत नोंद नाही, ती आम्हीच होऊ दिली नाही. म्हणून कंपनीचा माणूस तुझ्याकडे विचारायला येईल. त्याच्यापुढे एकच सांगायचं आहे, तुझा नवरा कधी गेला. सांगायचं की गप्प राहायचं, ते तुझ्यावर आहे. गप्प राहिलीस तर माझं निवेदन एका वेड्या उमेदवाराची बडबड ठरेल आणि बिल्ला घरात राहील. मी तुला दोष देणार नाही. पण त्या माणसासमोर बाबूलालला बसव, आणि मग बोल किंवा गप्प राहा.

मालक सुखी राहो असं मात्र पुन्हा लिहू नकोस.

मी तुझा भाऊ राहिलो की नाही, हेही तूच ठरवायचं आहे. तोवर सही करायला मन घेत नाही. मारोतरावांच्या टेबलावरून ते पॅड मागून आणलं आहे. नीट दाबला आहे, फिसकटलेला नाही, आणि तो जिवंत माणसाचा आहे.

निशाणी डावा अंगठा,
इश्वर दामाजी बांते याचा